हार्वर्ड लॉ स्कूल

हार्वर्ड लॉ स्कूल हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील हार्वर्ड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आहे. त्याची स्थापना १८१७ मध्ये झाली. अमेरिकेत खंड न पडता चालू असलेले हे सर्वांत जुने विधी महाविद्यालय मानले जाते. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात कायद्याचे अध्यासन त्याच्या बरेच आधी, १७७९ मध्ये निर्माण झाले होते. मात्र यादवी युद्धाच्या काळात तेथील अध्यापन बंद पडल्याने अखंडतेचा मान हार्वर्डकडे जातो.

न्यायालयीन निवाड्यांच्या आधारे प्रश्नोत्तरांतून कायदा शिकवण्याची पद्धत या संस्थेत १८७० मध्ये सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात ती अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी स्वीकारली. रदरफर्ड हेज व बराक ओबामा हे दोन राष्ट्राध्यक्ष येथे शिकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या विद्यमान ९ न्यायाधीशांपैकी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, एलेना केगन, नील गॉर्सच व केटांजी ब्राउन जॅक्सन हे चौघे येथील पदवीधर आहेत. या संस्थेच्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले आहेत. ही संस्था ज्या पैशावर उभी राहिली तो कोणाच्या श्रमाचा होता, हा पहिला. आणि तिच्या वर्गांत बसण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा.

स्थापना आणि रॉयल यांचे मृत्युपत्र

संस्थेचे मूळ आयझॅक रॉयल (कनिष्ठ) या धनिकाच्या मृत्युपत्रात आहे. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आयझॅक रॉयल (ज्येष्ठ) यांनी, कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर उसाचे मळे आणि गुलामांचा व्यापार यांतून संपत्ती मिळवली होती. १७३६ मध्ये अँटिग्वातील गुलाम बंडाच्या तयारीत असल्याच्या संशयावरून तेथील वसाहती सत्तेने ८८ गुलामांना ठार केले. त्यांपैकी ७७ जणांना जिवंत जाळण्यात आले. मारल्या गेलेल्यांत रॉयल यांच्या मळ्यावरील हेक्टर हा गुलामही होता. पुढच्याच वर्षी हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे स्थायिक झाले आणि येताना आपल्या मालकीचे गुलाम बरोबर घेऊन आले. मेडफर्ड येथील त्यांचा वाडा व त्यालगतची गुलामांची वसतिस्थाने आज संग्रहालय म्हणून जपलेली आहेत.

मुलगा आयझॅक रॉयल इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा समजला जाई. १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटण्याच्या सुमारास त्याने वसाहत सोडली आणि १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला. मृत्युपत्रान्वये त्याने आपल्या जमिनींपैकी काही भाग हार्वर्डला दिला. त्यातून कायद्याच्या, किंवा वैद्यक व शरीररचनेच्या, एका प्राध्यापकाची नेमणूक व्हावी अशी त्याची इच्छा होती. विद्यापीठाने कायद्याची निवड केली. परंतु प्रत्यक्षात रॉयल अध्यासन निर्माण होण्यास १८१५ साल उजाडले. राज्याचे मुख्य न्यायाधीश आयझॅक पार्कर हे या अध्यासनाचे पहिले प्राध्यापक होत. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपुढे काही व्याख्याने देणे एवढेच त्यांचे काम होते. वकिली करू इच्छिणाऱ्यांसाठी स्वतंत्र विद्यालय असावे ही सूचना त्यांचीच. त्यानुसार १८१७ मध्ये असाहेल स्टर्न्स यांच्या नेमणुकीने विधी विद्यालय सुरू झाले.

याच मृत्युपत्राशी निगडित असलेली दुसरी कागदपत्रे मात्र विद्यापीठाच्या इतिहासात फार उशिरा आली. रॉयल कुटुंबाकडे सुमारे ५० वर्षे गुलाम म्हणून राबलेल्या बेलिंडा सटन या स्त्रीने १७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. आपल्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या संपत्तीचा काही अंश वृद्धापकाळी आपल्याला व आपल्या आजारी मुलीला मिळावा, एवढी तिची मागणी होती. अर्जाखाली सहीऐवजी तिची खूण आहे. विधिमंडळाने रॉयल यांच्या मालमत्तेतून तिला दरसाल १५ पौंड १२ शिलिंग देण्याचे ठरवले. ही रक्कम नियमित मिळाली नाही आणि बेलिंडाला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. गुलामगिरीबद्दल भरपाई मागणाऱ्या अमेरिकेतील सर्वांत जुन्या दस्तऐवजांत या अर्जाची गणना होते. एकाच मालमत्तेवर दोन दावे होते, एक विद्यापीठाचा आणि एक बेलिंडाचा. त्यांतील कोणता टिकला हे इतिहासाने दाखवले आहे.

जोसेफ स्टोरी यांचा काळ

पहिल्या १२ वर्षांत विद्यालय तग धरू शकेल अशी चिन्हे नव्हती. त्या काळी अमेरिकेत वकील होण्याचा रूढ मार्ग म्हणजे एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करणे. ज्यांना शिकवणी हवी असे त्यांच्यासाठी कनेटिकटमधील लिचफील्ड येथे खासगी विधी विद्यालय होते. १८२९ पर्यंत हार्वर्डमधील विद्यार्थिसंख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि स्टर्न्स यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी विधिज्ञ नेथन डेन यांनी १०,००० डॉलरची देणगी देऊन नवे अध्यासन निर्माण केले. त्यावर आपले मित्र जोसेफ स्टोरी यांची नेमणूक व्हावी अशी त्यांची अट होती. स्टोरी हे १८११ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि न्यायाधीशपद न सोडता त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४५ पर्यंत, येथे अध्यापन केले. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाकडून कायदा शिकण्याची संधी असल्याने दूरदूरच्या राज्यांतून विद्यार्थी येऊ लागले. स्टोरी यांनी वर्गासाठी काढलेल्या टिपणांतून भाष्यग्रंथांची मालिका तयार झाली. तिच्या विक्रीचे उत्पन्न त्यांच्या दोन्ही वेतनांहून अधिक होते. १८३३ मध्ये सायमन ग्रीनलीफ त्यांना येऊन मिळाले. पुराव्याच्या कायद्यावरील त्यांचा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

दक्षिणेकडील राज्यांतूनही विद्यार्थी येत असल्याने गुलामगिरीचा प्रश्न वर्गाच्या दाराशीच उभा होता. स्टोरी यांनी १८४१ मध्ये ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांना मुक्त ठरवणारा निकाल लिहिला आणि पुढच्याच वर्षी, प्रिग खटल्यात, पळालेले गुलाम परत मिळवण्याचा मालकाचा हक्क मान्य करणारा निकालही त्यांनीच लिहिला. १८५४ मध्ये विद्यालयातील व्याख्याते एडवर्ड लोरिंग यांनी, संघराज्याचे आयुक्त या नात्याने, बॉस्टनमध्ये पकडलेल्या अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला व्हर्जिनियातील मालकाच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. शहरात प्रक्षोभ उसळला. पुढील वर्षी लोरिंग यांची फेरनेमणूक मंजुरीसाठी आली तेव्हा विद्यापीठाच्या निरीक्षक मंडळाने ती फेटाळली. विद्यालयाच्या नेमणुकांवर वरिष्ठ मंडळाचा अंकुश असल्याचे हे जुने आणि ठळक उदाहरण आहे.

लँगडेल आणि निवाडा-पद्धती

स्टोरी यांच्यानंतरच्या पंचवीस वर्षांत विद्यार्थी भरपूर होते. शिस्त मात्र नव्हती. प्रवेशासाठी पात्रतेची अट नव्हती, परीक्षा नव्हती. ठरावीक काळ नाव नोंदवून उपस्थित राहिले आणि शुल्क भरले की पदवी मिळे. १८६९ मध्ये रसायनशास्त्राचे अध्यापक चार्ल्स एलियट विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. ते विधी विद्यालयाच्या बैठकांना स्वतः येऊन बसू लागले, ही गोष्ट तेथील ज्येष्ठ प्राध्यापकांना नवीन होती. १८७० च्या आरंभी एलियट यांनी न्यूयॉर्कमधील ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल या फारशा प्रसिद्ध नसलेल्या वकिलाला डेन अध्यासनावर आणले आणि त्याच वर्षी ते विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले. विद्यार्थी असताना लँगडेल यांनी याच विद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले होते आणि त्यांचा बहुतेक वेळ जुन्या निवाड्यांच्या खंडांत जात असे.

कायदा हे शास्त्र असून त्याची मूलतत्त्वे संख्येने थोडी आहेत, ती निवाड्यांतून क्रमाने विकसित झालेली आहेत, आणि म्हणून विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील नियम पाठ करण्याऐवजी मूळ निवाडेच वाचले पाहिजेत, अशी लँगडेल यांची भूमिका होती. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा तसे कायद्याला ग्रंथालय, असे ते मानत. १८७१ मध्ये त्यांनी करारविषयक निवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकेतील अध्यापनासाठी तयार झालेला हा आद्य निवाडासंग्रह होय.

पहिल्या तासाला त्यांनी व्याख्यान दिलेच नाही. एका विद्यार्थ्याचे नाव घेऊन ‘पेन विरुद्ध केव्ह’ या खटल्याची वस्तुस्थिती सांगण्यास त्यांनी फर्मावले. १७८९ च्या या इंग्रजी खटल्यात लिलावातील एका माणसाने, हातोडा पडण्यापूर्वी, आपली बोली मागे घेतली होती. बोली हा केवळ प्रस्ताव असून तो स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ५ चा अभ्यास करताना मराठी विद्यार्थ्यांनाही हा खटला भेटतो. लँगडेल यांच्या वर्गात मात्र निर्णय सांगून भागत नसे. वस्तुस्थिती काय, दोन्ही पक्षांनी काय मांडले, न्यायालयाने कोणत्या कारणाने निकाल दिला आणि ते कारण पटते का, असे प्रश्न येत. उत्तर मिळाले की शिक्षक वस्तुस्थितीत थोडा बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारी.

विद्यार्थ्यांना हे रुचले नाही. आपण कायदा शिकण्यासाठी पैसे भरले आहेत, सहाध्यायांची अपुरी मते ऐकण्यासाठी नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. लँगडेल यांच्या वर्गातील उपस्थिती रोडावली. १८७२ मध्ये बॉस्टन विद्यापीठाचे विधी विद्यालय सुरू झाले, त्यामागे या नव्या पद्धतीविषयीची नाराजी हेही एक कारण होते. एलियट यांनी मात्र लँगडेल यांची पाठराखण सोडली नाही. जेम्स बार एम्स या तरुण पदवीधराला १८७३ मध्ये, वकिलीचा अनुभव नसताना, साहाय्यक प्राध्यापक नेमण्यात आले. कायदा शिकवण्यासाठी न्यायालयातील अनुभव नव्हे, तर कायदा शिकण्याचा अनुभव हवा, हा त्यामागील विचार होता. पूर्ण वेळ अध्यापन करणारा कायद्याचा प्राध्यापक हा नवा पेशा या नेमणुकीपासून सुरू झाला, आणि एका अर्थी निवाडा-पद्धतीपेक्षाही हा बदल अधिक दूरगामी ठरला. एम्स पुढे १८९५ ते १९१० या काळात अधिष्ठाता होते.

लँगडेल यांच्या कारकिर्दीत वार्षिक परीक्षा अनिवार्य झाल्या, अभ्यासक्रमाची मुदत वाढत तीन वर्षांवर गेली आणि शतकाच्या अखेरीस प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक ठरली. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदव्युत्तर स्तरावर दिले जाते, त्याची ही सुरुवात आहे.

या पद्धतीवर तेव्हापासून टीका होत आली आहे. याच विद्यालयाचे पदवीधर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८० मध्ये लँगडेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण करताना त्यांना कायद्यातील ईश्वरशास्त्रज्ञ म्हटले. तर्काची सुसंगती साधण्याच्या नादात प्रत्यक्ष जीवनाकडे दुर्लक्ष होते, असा त्यांचा आक्षेप होता. अपील न्यायालयांचे निवाडे एवढीच सामग्री धरल्याने विधिमंडळाचे कायदे, प्रशासन आणि अशिलांची सुखदुःखे वर्गाबाहेर राहतात, हा दुसरा आक्षेप. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या कायदेविषयक साहाय्य केंद्राने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. अभ्यासक्रमात अधिकृत बदल होण्यास मात्र २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विधिनियम व प्रशासकीय नियमन हा विषय पहिल्या वर्षासाठी आवश्यक करण्याचे ठरले.

विसाव्या शतकातील वाटचाल

१९१६ ते १९३६ या काळात अधिष्ठाता असलेले रॉस्को पाउंड हे समाजशास्त्रीय न्यायशास्त्राचे प्रवर्तक म्हणून भारतातील विधी विद्यार्थ्यांनाही परिचित आहेत. त्यांच्या काळात प्रवेश पदवीधरांना सहज मिळे आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मोठ्या संख्येने विद्यार्थी गळत. १९३४ मध्ये पाउंड यांनी नाझी राजवटीखालील बर्लिन विद्यापीठाची सन्माननीय पदवी जर्मन राजदूताच्या हस्ते, विद्यालयाच्याच इमारतीत, स्वीकारली. या प्रसंगावरून त्यांच्यावर टीका झाली.

जेम्स लँडिस (१९३७–४६) व अर्विन ग्रिसवोल्ड (१९४६–६७) यांच्यानंतर डेरेक बॉक हे अधिष्ठाता झाले आणि १९७१ मध्ये ते विद्यापीठाचेच अध्यक्ष झाले. १९६९ मध्ये एलएल.बी. ऐवजी जे.डी. ही पदवी देण्यास सुरुवात झाली. १९७० व ८० च्या दशकांत डंकन केनेडी, रॉबर्टो उंगर, मॉर्टन हॉर्विट्झ आदी प्राध्यापकांनी ‘चिकित्सक विधी अध्ययन’ ही चळवळ पुढे नेली. कायदा तटस्थ नसून तो सत्तासंबंधांचे रूप आहे, या तिच्या मांडणीमुळे अध्यापकांत दोन तट पडले आणि नेमणुकांवरून दीर्घ संघर्ष झाला.

प्रवेशाचा प्रश्न

जॉर्ज लुईस रफिन हे १८६९ मध्ये पदवी मिळवणारे येथील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. पुढे ते मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायाधीश झाले. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ च्या संपादक मंडळावर निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी १९२२ मध्ये पदवी आणि पुढील वर्षी डॉक्टरेट मिळवली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील विधी विद्यालयाची त्यांनी पुनर्रचना केली. थरगुड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा लढा न्यायालयात टप्प्याटप्प्याने कसा लढवायचा, याची आखणी ह्यूस्टन यांनी केली. १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालात त्या लढ्याला यश आले, तेव्हा ते हयात नव्हते.

स्त्रियांना दार बंद होते. १८७१ मध्ये दोन स्त्रियांचे अर्ज नाकारले गेले. १८९९ मध्ये अध्यापकांनी अनुकूलता दाखवली, तरी विद्यापीठाच्या नियामक मंडळाने नकार दिला. अखेर १९५० मध्ये पहिल्या विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला आणि १९५३ मध्ये त्या पदवीधर झाल्या. प्रवेश मिळाला तरी जागा मिळाली असे नव्हे. रूथ बेडर गिन्सबर्ग १९५६ मध्ये दाखल झाल्या तेव्हा सुमारे ५०० विद्यार्थ्यांच्या वर्गात ९ स्त्रिया होत्या. अधिष्ठाता ग्रिसवोल्ड यांनी या विद्यार्थिनींना घरी भोजनास बोलावले आणि एका पुरुषाला मिळू शकणारी जागा तुम्ही का घेतलीत, असा प्रश्न प्रत्येकीला विचारला. अध्यापनाच्या दोन इमारतींपैकी एकीतच स्त्रियांसाठी स्वच्छतागृह होते. एक संदर्भ तपासण्यासाठी गिन्सबर्ग रात्री विद्यापीठाच्या लॅमॉन्ट ग्रंथालयात गेल्या, तेव्हा स्त्री असल्यामुळे त्यांना दारातच अडवण्यात आले. बार्टन लीच हे प्राध्यापक वर्षातला एखादा ‘स्त्री-दिन’ ठरवून केवळ त्या दिवशी विद्यार्थिनींना प्रश्न विचारत. जी संस्था प्रश्न विचारण्यालाच शिक्षण मानते, तिथे प्रश्नच न विचारला जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पतीच्या नोकरीमुळे शेवटचे वर्ष न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात पूर्ण करून हार्वर्डची पदवी मिळावी, ही गिन्सबर्ग यांची विनंती ग्रिसवोल्ड यांनी अमान्य केली. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या या न्यायाधीशांची पदवी कोलंबियाची आहे. हार्वर्ड विद्यापीठाने २०११ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली.

अध्यापकवर्गात हा बदल आणखी उशिरा झाला. डेरिक बेल हे १९७१ मध्ये कायम नेमणूक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक, तर एलिझाबेथ ओवेन्स या १९७२ मध्ये ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. विद्यालयात एकही कृष्णवर्णीय स्त्री कायम प्राध्यापक नाही, याच्या निषेधार्थ बेल १९९० मध्ये बिनपगारी रजेवर गेले. रजेची दोन वर्षांची मर्यादा ओलांडल्यावर विद्यापीठाने त्यांचे पद संपुष्टात आणले. त्यांची मागणी लॅनी ग्विनियर यांच्या नेमणुकीने १९९८ मध्ये पुरी झाली. रजेवर जाण्याच्या वर्षीच, १९९० मध्ये, बराक ओबामा हे ‘लॉ रिव्ह्यू’ चे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडले गेले होते.

विद्यापीठाच्या प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मनाई केली. त्या खटल्यात हार्वर्डच प्रतिवादी होते, जरी वाद पदवीपूर्व महाविद्यालयाच्या प्रवेशाचा होता. त्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे २०२४ च्या, प्रवेशात विधी विद्यालयात पहिल्या वर्षाला १९ कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. आदल्या वर्षी ही संख्या ४३ होती. २०२५ मध्ये ती पुन्हा वाढली.

मुद्रेचा वाद

१९३६ मध्ये विद्यापीठाच्या त्रिशतकोत्सवाच्या निमित्ताने विद्यालयासाठी मुद्रा तयार करण्यात आली. तिच्यावरील गव्हाच्या तीन पेंढ्या रॉयल घराण्याच्या कुलचिन्हातून घेतल्या होत्या. त्यानंतर सुमारे ६० वर्षे या पेंढ्यांचा उगम फारसा चर्चेत आला नाही. २००० नंतर रॉयल अध्यासनाच्या प्राध्यापक जॅनेट हॅली यांनी आपल्याच अध्यासनाचा इतिहास जाहीरपणे मांडला. २००३ मध्ये अधिष्ठाता झालेल्या एलेना केगन यांनी परंपरेने चालत आलेले रॉयल अध्यासन न स्वीकारता चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या नावाचे अध्यासन स्वीकारले.

२०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी मुद्रा रद्द करण्यासाठी आंदोलन सुरू केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यालयाच्या भिंतींवरील कृष्णवर्णीय प्राध्यापकांच्या छायाचित्रांवर काळी चिकटपट्टी लावलेली आढळली. अधिष्ठाता मार्था मिनो यांनी नेमलेल्या समितीने मार्च २०१६ मध्ये मुद्रा मागे घेण्याची शिफारस केली. गुलामगिरीच्या इतिहासकार आणि समितीच्या सदस्य ॲनेट गॉर्डन-रीड यांनी भिन्न मत नोंदवले. मुद्रा काढून टाकली तर गुलामांची आठवणही पुसली जाईल. ती ठेवून तिचा अर्थ उघडपणे सांगत राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. या अहवालातील सर्वांत वाचनीय भाग बहुधा हाच भिन्नमताचा आहे. नियामक मंडळाने बहुमताची शिफारस मान्य केली. २०१७ मध्ये, द्विशताब्दीच्या वर्षी, ज्यांच्या श्रमातून संस्थेची संपत्ती निर्माण झाली त्या गुलामांच्या स्मरणार्थ आवारात शिळा बसवण्यात आली. कायदा व न्याय या अर्थाचे लॅटिन शब्द असलेली नवी मुद्रा २०२१ मध्ये स्वीकारली गेली.

प्रशासन

विधी विद्यालय ही स्वतंत्र कायदेशीर संस्था नसून हार्वर्ड विद्यापीठाचे अंग आहे. विद्यापीठाची अंतिम सत्ता १६५० च्या सनदेने स्थापन झालेल्या नियामक मंडळाकडे आहे. माजी विद्यार्थ्यांनी निवडलेले निरीक्षक मंडळ हे दुसरे सभागृह म्हणता येईल. ते भेट समितीमार्फत प्रत्येक विद्यालयाच्या कामाची वेळोवेळी पाहणी करते. अधिष्ठात्याची नेमणूक विद्यापीठाचे अध्यक्ष करतात. प्राध्यापकांच्या नेमणुका, अभ्यासक्रम आणि पदवीचे नियम यांवर प्रथम अध्यापक मंडळ मतदान करते.

हार्वर्डमध्ये प्रत्येक विद्यालयाने आपला खर्च आपणच भागवावा, अशी जुनी प्रथा आहे. त्यामुळे निधी उभारणे हे अधिष्ठात्याचे मोठे काम ठरते. विद्यार्थी शुल्क, ठेवींचे उत्पन्न आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या ही उत्पन्नाची मुख्य साधने आहेत. शुल्काचा बोजा मोठा असल्याने बहुसंख्य पदवीधर मोठ्या वकिली संस्थांकडे वळतात. कमी वेतनाची लोकसेवेची कामे स्वीकारणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीत मदत करणारी योजना १९७८ पासून चालू आहे.

अलीकडील अधिष्ठात्यांपैकी एलेना केगन (२००३–०९) पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्यानंतर मार्था मिनो (२००९–१७) व जॉन मॅनिंग (२०१७–२४) यांनी हे पद सांभाळले. मॅनिंग विद्यापीठाच्या प्रशासनात गेल्यावर जॉन गोल्डबर्ग हंगामी अधिष्ठाता झाले आणि २०२५ मध्ये त्यांची कायम नेमणूक झाली.

जे.डी. च्या प्रत्येक वर्षात साधारण ५६० विद्यार्थी असतात. पूर्वी पहिल्या वर्षाच्या तुकडीत सुमारे १४० विद्यार्थी असत. या शतकाच्या आरंभी तुकड्या वाढवून ही संख्या ८० वर आणण्यात आली. एलएल.एम. व एस.जे.डी. या पदव्यांसाठी मुख्यतः परदेशी विद्यार्थी येतात. अक्षरश्रेणी देण्याची पद्धत २००८ मध्ये बदलून प्रावीण्य, उत्तीर्ण, निम्न उत्तीर्ण व अनुत्तीर्ण अशा चार श्रेणी ठरवण्यात आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्ड या दोन्ही विधी विद्यालयांनी ‘यू.एस. न्यूज’ च्या क्रमवारीस माहिती देणे एकाच दिवशी थांबवले.

ग्रंथालय

लँगडेल यांच्या नावाच्या इमारतीतील ग्रंथालय हे जगातील सर्वांत मोठे शैक्षणिक विधी ग्रंथालय समजले जाते. अमेरिकेतील न्यायालयांचे प्रकाशित निवाडे सर्वांना विनामूल्य वाचता यावेत यासाठी ग्रंथालयाने आपल्याकडील निवाडाखंडांचे संगणकीकरण केले. त्यासाठी हजारो खंडांच्या शिवणी कापून सुमारे ४ कोटी पाने यंत्राखालून काढण्यात आली. २०२४ मध्ये हा संग्रह पूर्णपणे खुला झाला.

१९४६ मध्ये ग्रंथालयाने मॅग्ना कार्टाची एक डागाळलेली प्रत २७.५० डॉलरला विकत घेतली होती. ती नंतरच्या काळातील नक्कल असल्याची नोंद होती. २०२५ मध्ये डेव्हिड कारपेंटर व निकोलस व्हिन्सेंट या ब्रिटिश इतिहासकारांनी ती राजा पहिला एडवर्ड याने १३०० मध्ये जारी केलेली मूळ प्रत असल्याचे दाखवून दिले. त्या वर्षीच्या सातच मूळ प्रती आज ज्ञात आहेत.

भारताशी संबंध

या विद्यालयाचा भारतीय कायद्यावर पडलेला सर्वांत परिणामकारक ठसा संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये आहे. न्यायालयांनी विधिमंडळाचा कायदा अगदी स्पष्ट चूक असल्याखेरीज रद्द करू नये, हा विचार येथील प्राध्यापक जेम्स ब्रॅडली थेअर यांनी १८९३ मध्ये मांडला. त्यांच्या विचाराचा प्रभाव असलेले फेलिक्स फ्रँकफर्टर हे १९१४ ते १९३९ या काळात येथे प्राध्यापक आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत गेले असता फ्रँकफर्टर यांना भेटले. अमेरिकेच्या संविधानातील ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ ही तरतूद न्यायाधीशांच्या हाती अवाजवी अधिकार देते, असे मत त्यांनी राव यांना सांगितले. अनुच्छेद २१ मध्ये त्याऐवजी ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ हे शब्द आले. संविधान सभेत या शब्दांवर तीव्र टीका झाली आणि मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन्ही पर्यायांतील धोके सभेपुढे ठेवले. मनमानी अटकेपासून संरक्षण देणारी स्वतंत्र तरतूद, म्हणजे आजचा अनुच्छेद २२, त्यांनी नंतर मांडली. १९७८ च्या मेनका गांधी निकालाने कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे असे ठरवले आणि वगळलेली संकल्पना वेगळ्या वाटेने भारतीय कायद्यात आली.

मुंबईत जन्मलेले धनंजय चंद्रचूड यांनी येथून १९८३ मध्ये एलएल.एम. आणि १९८६ मध्ये एस.जे.डी. मिळवली, २०२२ ते २०२४ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. मुंबईचेच रोहिंटन नरिमन यांनीही येथून एलएल.एम. केले. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २४ ऑगस्ट २०१७ च्या ‘पुट्टस्वामी’ खटल्याच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठावर हे दोघेही होते. चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात सॅम्युअल वॉरन व लुईस ब्रँडाइस या विद्यालयाच्या दोन वर्गमित्रांनी १८९० मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ मध्ये लिहिलेल्या, खासगीपणाच्या हक्काची प्रथम मांडणी करणाऱ्या लेखाची चर्चा केली आहे.